स्वतंत्र मजूर पक्ष : सहा वर्षांचा पक्ष, आजही उपयोगी धडा



पाठ्यपुस्तकात स्वतंत्र मजूर पक्ष एका ओळीत उरकतो. मुलं मात्र हमखास विचारतात, "सर, बाबासाहेबांच्या पक्षाच्या नावात 'मजूर' का?" या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला हवं.

ऑगस्ट १९३६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा पक्ष काढला. भूमिहीन शेतमजूर, छोटी कुळं आणि गिरणी कामगार हा त्याचा आधार. १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत १७ उमेदवार उभे केले, त्यातले १४ निवडून आले. आपलं शहर तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे इथं ते मतदान झालंच नाही.

पक्षाने काय केलं? कोकणात खोत कुळांकडून मनमानी वसुली करायचा. ती पद्धत बंद करण्याचं विधेयक बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. विधेयक काही मंजूर झालं नाही. संपावर बंधनं आणणाऱ्या कायद्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला कम्युनिस्टांसोबत एक दिवसाचा संपही झाला.

मग जात कुठे आली? गिरणीच्या विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथं अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना त्याचा विटाळ वाटे. म्हणजे कामगार एक, पण वेगळे! आपल्यापासून जवळच, मनमाडला, फेब्रुवारी १९३८ मध्ये रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता, बंधुता नाकारणारी वृत्ती, हेही त्यांनी स्पष्ट केलं. मुलांना हा फरक जरूर समजावा.

१९४२ मध्ये, क्रिप्स योजनेत अस्पृश्यांच्या वेगळ्या प्रश्नाला जागा मिळाली नाही तेव्हा, पक्षाची जागा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने घेतली. पक्ष संपला, प्रश्न संपला नाही. खोती कायद्याने बंद झाली ती स्वातंत्र्यानंतर.

वर्गात एक करून पाहा. मुलांना विचारा : आपल्या वस्तीत कोणतं काम कोण करतं, आणि का? उत्तरं ऐकताना आपणच थोडं गप्प होतो. खरा धडा तिथूनच सुरू होतो.