दोष रसायनाचा की नजरेचा?

भांडुप आणि मुलुंड या मध्य रेल्वेवरील दोन जुन्या, भरवस्तीच्या स्थानकांमध्ये नाहूर हे स्थानक २००६ साली सुरू झाले, आणि ज्या गावाचे नाव तोवर महसुली दप्तरात व जुन्या रहिवाशांच्या तोंडी तेवढे उरले होते त्याला लोकलच्या उद्घोषणेत स्थान मिळाले. या स्थानकावर जलद गाडी थांबत नाही. परंतु हिवाळ्यातील रविवारी भल्या पहाटे येथे उतरणाऱ्या, पाठीवर अवजड पिशवी आणि खांद्यावर तिपाई वागवणाऱ्या मंडळींना त्याची तक्रार नसते. त्यांना पूर्वद्रुतगती महामार्गापलीकडे, तिवरांच्या गर्दीत शिरणाऱ्या रस्त्याने भांडुपच्या पम्पिंग स्टेशनाकडे जायचे असते. महानगराच्या सांडपाण्याची विल्हेवाट लावणाऱ्या या ठिकाणी शेकाट्या, खंड्ये, बगळे आणि हंगामात रोहित पक्ष्यांचे थवे यांचा जो मेळावा भरतो, त्यापायी हा परिसर हौशी छायाचित्रकारांचे तीर्थक्षेत्र बनला आहे. पलीकडची ठाण्याची खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाली आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, ही वार्ता वृत्तपत्रांत यथास्थित येऊन गेली. छायाचित्रे घरी आल्यानंतर ही मंडळी ती परस्परांना दाखवतात तेव्हा काय घडते, याची बातमी मात्र कोठे येत नाही, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

या व्यवहाराची परंपरा मुंबईत जवळपास पावणेदोनशे वर्षांची आहे. लंडनमध्ये छायाचित्रकारांची संस्था १८५३ मध्ये निघाली आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे १८५४ मध्ये, 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था त्यानंतर दोन वर्षांनी आल्या. डॉ. भाऊ दाजी लाड या संस्थेचे सभासद होते आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तर स्वतः छायाचित्रे काढीत. संस्थेने आपले नियतकालिक चालवले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली छायाचित्रणाचा वर्ग निघाला, आणि पुढे मुंबईतील आरंभीच्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांत ज्यांची गणना झाली ते हरिश्चंद्र चिंतामण त्याच वर्गात शिकले. १८५६ पासून जॉन्सन आणि हेंडरसन या जोडीने हौशी मंडळींसाठी मूळ छायाचित्रे चिकटवलेला मासिक आल्बमही प्रसिद्ध केला. सभांतून छायाचित्रे मांडावीत, प्रयोगांवर निबंध वाचावेत, शंका विचाराव्यात आणि ज्याला उत्तर ठाऊक असेल त्याने ते द्यावे, असा त्या काळच्या विद्वत्सभांचा रिवाज येथेही होता.

त्या काळी छायाचित्र बिघडण्याची कारणे बहुतांशी छायाचित्रकाराच्या बाहेर असत, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, आणि थर ओला आहे तोवरच, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांच्या आत, चित्र घेऊन ते विकसितही करायचे, असा तो खटाटोप. कोलोडियनमधील ईथर मुंबईच्या उष्म्यात भराभर उडून जाई; थर अवेळी सुके, पाण्यातील क्षारांचे डाग उठत, आणि धुळीचा एखादा कण थेट कोणाच्या नाकावर जाऊन बसे. काही जण म्हणूनच मेण लावलेल्या कागदाची पद्धत पसंत करीत, कारण तो कागद आधी तयार करून ठेवता येई. अशा वेळी एका सभासदाने दुसऱ्याला 'तुमचे द्रावण जुने झाले आहे' असे सांगितले, तर त्यात मानापमानाचा प्रश्न कोठून येणार? दोष रसायनाचा होता, आणि उपाय कळल्यावर ऐकणारा कृतज्ञ होऊन घरी जात असला पाहिजे.

आज रसायन गेले, काच गेली. यंत्र पक्ष्याचा डोळा स्वतः शोधून त्यावर रोख धरते, सेकंदाच्या दोन-हजाराव्या भागात उडता पंख गोठवते, आणि एका झेपेची चाळीस चित्रे हातात ठेवते. यंत्राच्या वाट्याला येणारे दोष जसजसे ओसरत गेले, तसतसा उरलेला दोष माणसाच्या वाट्याला आला: कोठे उभे राहायचे, केव्हा कळ दाबायची, चौकटीत काय ठेवायचे, आणि चाळिसांतले कोणते एक दाखवायचे. अभिप्राय आता थेट नजरेवर येतो, म्हणून तो झोंबतो. हौशी मंडळी हल्ली फार हळवी झाली आहेत, अशी जी तक्रार ज्येष्ठांकडून ऐकू येते, ती मला अर्धीच खरी वाटते. त्यांच्या हळवेपणाला यंत्राच्या प्रगतीचेही कारण आहे.

नाहूर पूर्वेच्या एका गृहसंकुलाच्या सभागृहात आमच्या परिचयाची काही माणसे महिन्यातून एकदा छापील छायाचित्रे घेऊन बसतात. संस्थेची नोंदणी नाही, वर्गणी नाही, चहा ज्याच्या त्याच्या पाळीने. तेथे गेल्या हिवाळ्यात एका तरुण मुलीने तिवरांच्या सावलीपुढे मासा पकडलेल्या मोठ्या बगळ्याचे चित्र मांडले. भांडुपच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन काका ते बराच वेळ न्याहाळीत होते.

"काका, बोट हलत होती, आणि ऊन एकदम आलं," ती म्हणाली.

"ते राहू दे गं. बगळ्याच्या पाठीवर पिसं दिसतायत का, तेवढं सांग."

"नाही."

"मग?"

"पांढरं जळलंय."

कारण तिचे तिलाच उमगले. चौकटीचा बहुतेक भाग काळोख्या तिवरांनी व्यापलेला. यंत्राने त्या काळोखाचे मोजमाप करून सगळेच उजळ केले आणि त्या औदार्यात बगळ्याची पिसे नाहीशी झाली. पुढच्या वेळी उजेड एक स्टॉप उतरवून घ्यायचा, एवढाच त्यावर उपाय. येथवरचा अभिप्राय १८५४ च्या जातीचा होता. त्यानंतर कोणी म्हणाले की माशाचे शेपूट पुसट आले आहे; कोणी म्हणाले की पाण्याची रेघ डावीकडे कलली आहे, पाणी सांडेल. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एका शिक्षिकाबाईंनी विचारले, "पण तू त्या वेळी बघत काय होतीस?" मुलगी थोडी थांबून म्हणाली की चोच पाण्यात शिरली तेथून जे वलय निघाले, ते. आणि ते वलय चौकटीच्या खालच्या कडेने अर्धे कापले गेले होते! माशाविषयी आणि शेपटाविषयी झालेली सगळी चर्चा दुसऱ्याच एका चित्राची होती. तिच्या चित्राची चर्चा त्या प्रश्नापासून सुरू झाली.

अभिप्राय देणाऱ्याने हा प्रश्न आधी विचारावा की चित्र पाहून झाल्यावर, याविषयी मात्र मतभेद आहेत, आणि माझे मत दुसऱ्या बाजूला पडते. चित्र मांडणारा बोलू लागला की तो कैफियत देऊ लागतो: पहाटे तीनला उठलो, चिखलात गुडघाभर रुतलो, ओहोटी होती म्हणून थवा दूर गेला. पाहणाऱ्याचे मन या श्रमांनी आर्द्र होते आणि चित्राची साक्ष घ्यायची राहूनच जाते. सलोनच्या, म्हणजे स्पर्धात्मक छायाचित्र-प्रदर्शनांच्या, परीक्षकांपुढे चित्रे नावाशिवाय येतात, ही तजवीज त्याचसाठी आहे; १९३७ पासून मुंबईत चालत आलेली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया आणि १९५३ मध्ये स्थापन झालेले फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी यांच्या परंपरेत वाढलेल्यांना ती नवी नाही. परंतु सलोनचा निकाल मंजूर किंवा नामंजूर एवढाच असतो. त्यातून आपली योग्यता कळते, चुकीचे कारण कळत नाही. त्यापेक्षा ब्रिटनमधील हौशी मंडळींची टपालाने फिरणाऱ्या संचाची पद्धत मला अधिक सुज्ञ वाटते. एका पेटीत सभासदांची छायाचित्रे एका घरून दुसऱ्या घरी जात. प्रत्येक जण सवडीने पाहून सोबतच्या कागदावर आपले मत लिही, आणि पेटी फिरून आली की आपले जुने चित्र काढून घेऊन त्या जागी नवे ठेवी. लिहावे लागले की माणूस नुसते 'सुंदर!' म्हणायला लाजतो.

त्या 'सुंदर!'विषयी माझे मत काहीसे कठोर आहे. सौजन्याचा आव आणणारी ही प्रशंसा वस्तुतः कंजूषपणा होय, कारण तिच्यात पाहण्याचे श्रम वाचवलेले असतात. खरी दाद काय करू शकते, याचा दाखला १८८७ सालचा आहे. लंडनच्या 'अमॅच्युअर फोटोग्राफर' साप्ताहिकाच्या स्पर्धेत छायाचित्रकार पीटर हेन्री इमर्सन यांनी बर्लिनमध्ये शिकणाऱ्या एका अनोळखी तरुणाच्या चित्राला पहिले पारितोषिक दिले. तो तरुण आल्फ्रेड स्टिग्लिट्झ; पुढे अमेरिकेत छायाचित्रणाला कलेचा दर्जा मिळवून देण्यासाठी तो आयुष्यभर झगडला. इमर्सन मोठा भांडखोर गृहस्थ, ज्याची त्याची हजेरी घेणारा. अशा माणसाने दिलेल्या शाबासकीचे मोल निराळेच असणार.

स्थळाचे ज्ञान असलेल्या मित्राचा अभिप्राय सर्वांत उपयोगी, कारण दोष काही वेळा छायाचित्रकाराचाही नसतो, यंत्राचाही नसतो, तो भूगोलाचा असतो. भांडुपच्या काठावरून खाडी पूर्वेला आहे. सकाळी ऊन समोरून येते आणि रोहितांचा गुलाबी रंग सावळ्या आकृतींत बुडतो. तोच थवा ऐरोलीच्या काठावरून पाहिला तर सकाळचा सूर्य पाठीशी राहतो. ओहोटीला पक्षी दूर चिखलावर पांगतात, भरतीचे पाणी चढू लागले की ते उरलेल्या उथळ जागी गोळा होतात. हे सांगायला टीकाकाराची प्रतिभा लागत नाही, भरतीचे वेळापत्रक पुरते. तरीही कित्येक जण वर्षभर नवी लेन्स घ्यावी की नाही याची चौकशी करीत राहतात.

एका बाबतीत मात्र मृदुपणा बाजूला ठेवावा. घरट्यातील पिलांचे, फांद्या बाजूला सारून घेतलेले चित्र कोणी मांडले, तर त्याच्या रचनेची चर्चाच करू नये. ते कसे मिळवले एवढेच विचारावे. पक्षिचित्रणाच्या अनेक स्पर्धा घरट्यावरील छायाचित्रे स्वीकारीत नाहीत, कारण माणसाच्या वावराने बिथरलेली जोडी घरटे सोडून जाते. नाहूरच्या बैठकीत असे चित्र एकदा आले होते. ड्राफ्ट्समन काकांनी ते न बोलता पालथे ठेवले, आणि मांडणाऱ्या गृहस्थांना बरे वाटले नाही; ते पुढचे दोन महिने आले नाहीत, मग आले.

असे मंडळ कोणाला सुरू करायचे असेल तर छापील चित्रांचा आग्रह धरावा. मोबाइलच्या पडद्यावर बोटाने मोठे करून पाहणारा चित्र न पाहता त्याचा एक तुकडा पाहतो. आणि एका बैठकीत एकाने तीनांपेक्षा अधिक चित्रे आणू नयेत. चौथ्यापासून पाहणाऱ्यांचे डोळे थकतात, चहाची वेळ होते, आणि सगळेच सुंदर दिसू लागते.