मूल वाचनाच्या गटात बसलं, म्हणजे नेमकं काय?



जूनमध्ये शाळा सुरू झाली की सुरुवातीच्या आठवड्यांत आम्ही एकेका मुलाला जवळ बसवून घेतो. समोर एक कागद असतो. त्यावर आधी सुटी अक्षरं, मग सोपे शब्द, मग चार ओळींचा उतारा आणि शेवटी एक छोटी गोष्ट. मूल कुठपर्यंत सहज वाचतं ते बघून आम्ही नोंद करतो आणि त्यावरून वर्गात गट पडतात. रोज ठरलेल्या वेळी हे गट वेगवेगळे बसून वाचनाचा सराव करतात. हे कळलं की दोन-चार दिवसांतच गेटवर प्रश्न येतो, "टीचर, आमच्या पोराला वेगळं का बसवलं? तो ढ आहे का?" काही पालक विचारत नाहीत, पण घरी जाऊन मुलाला ओरडतात. दुसरं आम्हाला जास्त लागतं. म्हणून हा गट काय असतो, कशासाठी असतो आणि त्याचा पैसा कुठून येतो, ते जरा सविस्तर लिहिते आहे.

तुम्ही शाळेच्या भिंतीवर किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर 'निपुण' हा शब्द वाचला असेल. हे केंद्र सरकारचं अभियान आहे, ५ जुलै २०२१ ला सुरू झालेलं. समजपूर्वक वाचन आणि संख्याज्ञान यांत प्राविण्य, असा त्या नावाचा अर्थ. ३ ते ९ वर्षांची मुलं, म्हणजे बालवाडीपासून तिसरीपर्यंतची, यात येतात. २०२६-२७ पर्यंत तिसरीतल्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, हे त्याचं उद्दिष्ट. आता 'समजून' हा शब्द लक्षात ठेवा. घडाघडा वाचून दाखवलं आणि काय वाचलं ते सांगता आलं नाही, तर ते वाचन आम्ही धरत नाही. राज्याने मार्च २०२५ मध्ये दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठीही कृती कार्यक्रम काढला. कारण उघड आहे, तिसरी ओलांडून गेलेलीही बरीच मुलं अडखळत होती.

पैशाचं बोलू, कारण त्याबद्दल गैरसमज फार. निपुणचा खर्च 'समग्र शिक्षा' योजनेतून होतो. सर्व शिक्षा अभियान आणि माध्यमिकच्या योजना एकत्र करून २०१८ मध्ये ही योजना झाली. महाराष्ट्रात तिचे ६० टक्के पैसे केंद्राचे आणि ४० टक्के राज्याचे. मुंबईतल्या महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेमार्फत ते खाली येतात. वाचन-गणिताच्या साहित्यासाठी एका मुलामागे वर्षाला ५०० रुपयांपर्यंत, शिक्षकाच्या मार्गदर्शक पुस्तिकांसाठी १५० रुपयांपर्यंत अशी तरतूद आहे. प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत वेगळे. 'पर्यंत' हा शब्द महत्त्वाचा. हे ५०० रुपये मुलाच्या खात्यावर येत नाहीत. त्यातून तक्ते, अक्षरकार्डं, गोष्टींची पुस्तकं, सरावाच्या पुस्तिका येतात. त्यामुळे "टीचर, ते पैसे कधी जमा होणार?" याचं उत्तर, ते कपाटातल्या पुस्तकांच्या रूपात जमा झालेले असतात. आणि महत्त्वाचं म्हणजे या गटासाठी तुम्हाला एक रुपयाही द्यायचा नसतो. कोणी 'निपुणची फी' म्हणून मागितले तर देऊ नका, मुख्याध्यापकांना विचारा.

हिशोब बघण्याचा हक्कही तुम्हाला आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. बैठकीला बोलावलं की "सही कुठे करू?" विचारून निघून जाऊ नका. यंदा गोष्टींची किती पुस्तकं आली आणि ती मुलांच्या हातात जातात की कपाटात राहतात, एवढं तरी विचारा. या प्रश्नाने कपाटं उघडतात, हे मी पाहिलेलं आहे.

आता गटांकडे येऊ. पातळीप्रमाणे गट करायची पद्धत दिल्लीहून आली असं वाटतं, पण तिचं एक मूळ आपल्या शेजारी, मुंबईच्या महापालिका शाळांत आहे. १९९०च्या दशकात 'प्रथम' संस्थेने तिथे 'बालसखी' नावाचा उपक्रम केला. वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी, तीच बालसखी. मागे राहिलेल्या मुलांना ती रोज शाळेच्या वेळेतच सुमारे दोन तास वेगळं घेऊन बसायची आणि त्यांना जे येत नाही तिथूनच सुरू करायची. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या या कामाचा अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसोबत अभ्यास केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. बालसखीकडे बसलेल्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. याच दोघांना २०१९ मध्ये मायकल क्रेमर यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा तुमच्या मुलाला वेगळं बसवणं ही शिक्षा नाही. पुस्तक तिसरीचं आणि वाचन अक्षरापाशी, अशा मुलाला वर्गासोबत ओढत नेलं तर ते वर्षभर फक्त बसून राहतं. मान हलवतं, फळ्यावरचं उतरवून काढतं, वही एकदम सुंदर असते. घरी तुम्ही वही बघून खूश होता. पण त्यातलंच एखादं वाक्य बोट ठेवून वाचायला सांगा, मग कळतं.

गट कायमचा नसतो. ठरावीक दिवसांनी पुन्हा वाचून घेतलं जातं आणि मूल पुढे सरकतं. माझ्या वर्गात शब्दाच्या गटात बसलेली मुलगी दिवाळीनंतर गोष्ट वाचायला लागली, तर चांगल्या गटातला एक मुलगा गावी दीड महिना राहून आला आणि मागे सरकला. हुशारीचा इथे संबंध नाही. आज वाचन कुठे आहे, एवढंच गट सांगतो. आणि वाचनात मागे असलेलं मूल गणितात पुढच्या गटात असू शकतं, असतंच बरेचदा.

कुठल्या वर्गात किती यावं? अभियानात ढोबळ टप्पे दिले आहेत. पहिलीच्या शेवटी न वाचलेल्या मजकुरातलं चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचता यावं. दुसरीत मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीत किमान ६०, आणि दोन्हीकडे समजून. आता काही पालक मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बसतात! तसं करू नका. वेगाचा मुद्दा एवढाच की मूल एकेक अक्षर जुळवत बसलं तर वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरतं. पण ही संख्या देशातल्या सगळ्या भाषांसाठी मिळून ठरवलेली आहे, आणि मराठीचे शब्द प्रत्यय लागून लांब होतात. 'शाळेतल्यासारखं' हा एकच शब्द. माझ्या मते तिसरीतलं मूल मिनिटाला ५० शब्द वाचून गोष्ट नीट सांगत असेल, तर घाबरायचं कारण नाही.

मुलं अडखळतात कुठे, हे कळलं तर तुमचा राग कमी होईल. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते पण उच्चार क चा आधी होतो, डोळा आणि जीभ उलट्या दिशेने चालतात. र तर बहुरूपी आहे. 'प्रकाश' मध्ये तो खाली तिरका, 'सूर्य' मध्ये डोक्यावर, 'ट्रक' मध्ये खाली टोपीसारखा, 'दऱ्या' मध्ये आणखी वेगळा. मोठ्यांना याची सवय झालेली असते म्हणून ते सोपं वाटतं. सात वर्षांच्या मुलाला ही चार वेगवेगळी चित्रं असतात. म्हणून जोडाक्षरांना वेळ लागतो, तो लागू द्या. आणि आता आम्ही बाराखडी आधी पूर्ण पाठ करून घेत नाही, थोडी अक्षरं शिकवून लगेच त्यांचे शब्द करतो. "अजून ज्ञ शिकवला नाही?" अशी काळजी नको. ज्ञ येईल.

मीरा-भाईंदरमधली एक खास गोष्ट. आमच्या एका वर्गात राई-मुर्ध्याची आगरी मुलं, उत्तन-चौककडची कोळ्यांची मुलं आणि काशिमीऱ्याच्या वस्तीतली, घरी भोजपुरी किंवा मारवाडी बोलणारी मुलं एकत्र बसतात. महापालिकेच्या शाळा मराठीबरोबर हिंदी, उर्दू, गुजराती माध्यमांच्याही आहेत, तरी बरेच परप्रांतीय पालक मुद्दाम मराठीत घालतात, आणि मला त्याचा आनंद आहे. पण अशा मुलाला वाचन आणि भाषा दोन्ही एकदम शिकायचं असतं. 'विळी' हा शब्द त्याने नीट जुळवला तरी विळी म्हणजे काय हे त्याला माहीतच नसतं. त्याला वाचनाआधी गप्पा हव्यात. उलट आगरी घरातलं मूल 'पाणी' समोर असताना 'पानी' वाचतं, 'डोळा' ला 'डोला' म्हणतं. ही वाचनाची चूक नव्हे, ती त्याची घरची बोली आहे. शब्द त्याला कळलेला आहे. आम्ही तिथे थांबवत नाही, तुम्हीही थांबवू नका आणि हसू तर अजिबात नका. ण आणि ळ हळूहळू कानावर पडून येतात.

"आम्हाला मराठी वाचता येत नाही, आम्ही काय करणार?" हा प्रश्न माता पालक गटाच्या प्रत्येक बैठकीत येतो. हे गट यासाठीच केले आहेत. शेजारच्या चार-पाच आयांनी आठवड्यातून एकदा जमायचं, सोपे खेळ मुलांकडून करून घ्यायचे. वाचता न येणारी आईही एक फार मोठं काम करू शकते, ऐकण्याचं. रात्री भाकऱ्या थापताना मुलाला शेजारी बसवून सांगा, "आज शाळेत कुठली गोष्ट वाचली, मला सांग." मग विचारा, "पुढं काय झालं? तो असा का वागला?" तुमच्या भाषेत विचारा, भोजपुरीत विचारलंत तरी चालेल. गोष्ट सांगता येणं हे समजून वाचण्याचं निम्मं काम आहे. दहा-पंधरा मिनिटं पुरे, पण रोज. रविवारी दोन तास बसवून रडवण्यापेक्षा हे बरं.

मजकूर शोधायला लांब जायला नको. ट्रेनने जाताना दहिसर, मीरा रोड, भाईंदर, नायगाव, वसई रोड या पाट्या मराठीत असतात, मुलाला आधी नाव तोंडी सांगा आणि मग पाटीवर शोधायला लावा. नाव माहीत असलं की अक्षर सापडतं. दुधाची पिशवी, रेशन दुकानाचा फलक, बसवरची पाटी, लग्नपत्रिका, सगळं चालतं. मोबाईल हातात असतोच, तर 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी फुकट आहेत, चित्रांसकट. वाचताना मूल अडलं तर लगेच शब्द सांगून टाकू नका, मनात पाच मोजा. तरी नाही आलं तर सांगा आणि पुढे जा. शब्द दहादा गिरवायला लावू नका.

अडचणी मला ठाऊक आहेत. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत काम करणारा बाप रात्री नऊला घरी येतो, आई चार घरची कामं करून येते. दहा मिनिटंसुद्धा कधी सापडत नाहीत. अशा वेळी मोठ्या भावंडाला हे काम द्या. पाचवी-सहावीतली ताई धाकट्याचं ऐकते तेव्हा तिचंही वाचन सुधारतं. तेही जमत नसेल तर आम्हाला सांगा, आम्ही शाळेतच जोडी लावतो.

आणखी एक. मूल मागच्या गटात दिसलं की काही जण त्याला इंग्रजी शाळेत टाकायची घाई करतात. निर्णय तुमचा, मी फक्त एवढं सांगेन की ज्या भाषेत मूल बोलतं तिथेच त्याला वाचन जमत नसेल, तर न बोलता येणाऱ्या भाषेत ते जास्त अवघड जाईल. एकदा वाचणं म्हणजे काय हे डोक्यात बसलं की दुसरी भाषा वाचायला तेवढा वेळ लागत नाही.

घाई करायचीच तर दुसऱ्या गोष्टीची करा. २०२३ मध्ये राज्याने नियम बदलला. पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा आता उत्तीर्ण व्हावी लागते. नापास झालं तर पुरवणी परीक्षेची एक संधी, तीही गेली तर त्याच वर्गात बसावं लागतं. पूर्वीसारखं पुढे ढकलत आठवीपर्यंत जाता येत नाही. पाचवीच्या परिसर अभ्यासाचा प्रश्नच वाचता आला नाही, तर उत्तर माहीत असूनही काय उपयोग? गणिताच्या शाब्दिक उदाहरणांचंही तेच. दुसरी-तिसरीत हा गट आहे तोवर मुलाच्या हातात वेळ आहे. पाचवीच्या मार्चमध्ये तो नसतो.

पुढच्या पालक सभेला याल तेव्हा "अभ्यास कसा आहे?" असं विचारू नका, आम्ही "ठीक आहे" म्हणू आणि विषय संपेल. विचारा, "तो सध्या अक्षरापर्यंत आहे, शब्दापर्यंत की उताऱ्यापर्यंत? जूनमध्ये कुठे होता? पुढच्या महिन्यात कुठे हवा?" नोंदवही दाखवायला सांगा, ती दाखवायचीच असते. मुलाला सोबत आणा, आणि नोंद बघून तिथे इतरांसमोर त्याला काही बोलू नका. चाचणीच्या दिवशी मूल आजारी असेल किंवा चष्म्याचा नंबर वाढला असेल तर तेही सांगा. फळा न दिसणारं मूल मागच्या गटात बसलेलं आम्ही पाहिलं आहे. चष्मा मिळाला आणि तिसऱ्या आठवड्यात ते उतारा वाचत होतं.