घराचे घरपण

विटा, चुना आणि लाकूड यांनी घर उभे राहते. परंतु त्याला घरपण येते ते त्यात राहणाऱ्या माणसांच्या वागणुकीने. मुलांनो, आईवडील, भावंडे, आजी-आजोबा यांचे प्रेम आपल्याला जन्माबरोबरच लाभते. म्हणून ते आपोआप टिकेल, असे आपण समजून चालतो. पण अंगणातील तुळशीला जसे रोज पाणी घालावे लागते, तसेच या प्रेमाचेही रोज जतन करावे लागते. हे जतन कसे करावयाचे, याचा आज थोडा विचार करू.

पहिली गोष्ट म्हणजे घरच्या माणसांना आपला वेळ देणे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा रमाबाईंशी विवाह १८७३ साली झाला. त्या वेळी रमाबाई अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या व त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. इतक्या लहान वयात मुलींची लग्ने करण्याची त्या काळी रूढी होती; आज असा विवाह हा कायद्याने गुन्हा आहे. न्यायालयाचे काम आणि सार्वजनिक कार्य यांत रानड्यांचा दिवस सरत असे. तरीही पत्नीला शिकविण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे रुचले नाही. रमाबाईंना त्यांचे टोमणे सोसावे लागले. पण त्यांनी अभ्यास सोडला नाही. पुढे याच रमाबाईंनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभारण्यात पुढाकार घेतला आणि १९१० साली आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. एकाच घरात एकाने दिलेल्या वेळाने मन उमलते आणि इतरांच्या कठोर शब्दांनी तेच मन दुखावते, हे या उदाहरणावरून दिसून येते. आज जेवतानाही ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल असतो. माणसे शेजारी बसलेली असतात, पण एकमेकांच्या सोबतीला नसतात. निदान जेवणाची वेळ तरी आपण बोलण्यासाठी राखून ठेवावी.

दुसरी गोष्ट म्हणजे दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घेणे आणि आपली चूक मान्य करणे. या बाबतीत मी स्वतः कसा चुकलो, ते सांगतो. मी शिक्षक असताना एकदा माझे शाईचे पेन हरवले. माझा मुलगा तेव्हा पाचवीत होता. आदल्या दिवशी त्याने ते हाताळले होते, एवढ्यावरून मी त्याला फार बोललो. "बाबा, मी जागेवर ठेवलं होतं," असे तो पुनःपुन्हा सांगत होता. पण मी ऐकून घेतले नाही. दुसऱ्या दिवशी पेन शाळेतील माझ्याच खणात सापडले. मी ते गुपचूप खिशाला लावले आणि घरी आलो. मुलापाशी चूक कबूल करावयाची, तर बापाचा मान जाईल, असे मला वाटले.

दोन दिवसांनी माझी आई मला म्हणाली, "पोर जेवताना एक शब्द बोलत नाही, तुझ्या ध्यानात आलं का? अरे, लहानापुढे चूक कबूल केल्यानं मोठा माणूस लहान होत नसतो." त्या रात्री मी मुलाला जवळ घेतले आणि सारे सांगितले. त्याला रडू कोसळले. मग त्याने दप्तरातून गणिताची उत्तरपत्रिका काढली. त्या परीक्षेत तो नापास झाला होता आणि भीतीमुळे त्याने ती आठवडाभर लपवून ठेवली होती. घरात भीती शिरली, की खरे बोलणे बाहेर पडते, हे मला त्या दिवशी उमगले. त्यानंतर आम्ही रोज तासभर गणित सोडवू लागलो.

तिसरी गोष्ट म्हणजे घरातील श्रम वाटून घेणे. आई पहाटेपासून राबते आणि इतर सारे तयार ताटावर बसतात, त्या घरात प्रेमाचा भार एकाच खांद्यावर पडतो. पाणी भरणे, केर काढणे, आपले ताट आपण घासणे ही कामे मुलामुलींनी सारखीच करावीत. कामाला कमीपणा नसतो. ते दुसऱ्यावर ढकलण्यात मात्र कमीपणा असतो.

भांड्याला भांडे लागले, की आवाज होणारच. ज्या घरात कधी भांडण होत नाही तेच चांगले घर, असे मुळीच नाही. भांडणानंतर जेथे कोणीतरी आपण होऊन पुढे येतो व अबोला मोडतो, ते चांगले घर होय. मात्र आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. राग आणि मारहाण यांत फार अंतर आहे. घरात कोणी मारहाण करीत असेल किंवा नकोसे वागत असेल, तर मुकाट्याने सोसणे म्हणजे आज्ञाधारकपणा नव्हे. विश्वासाच्या मोठ्या माणसाला अथवा आपल्या शिक्षकांना ते सांगावे. १०९८ या क्रमांकावरही मुलांना विनामूल्य मदत मागता येते.

मुलांनो, आज घरी गेल्यावर एक करून पाहा. आजीचा, आईचा किंवा धाकट्या भावंडाचा दिवस कसा गेला, हे त्यांना विचारा आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नका. घराचे घरपण राखण्याच्या कामात तुमचाही वाटा आहे आणि त्याचा आरंभ एवढ्याशा प्रश्नाने होऊ शकतो.