बेसमेंटसाठी खोदलेल्या खड्ड्याची कड कोसळत का नाही?

पत्र्याच्या कुंपणापलीकडे दोन मजले खोल खड्डा, आणि कडेला लागूनच रस्ता, विजेचा खांब, शेजारची इमारत. मी सॉफ्टवेअरवाला, सिव्हिलचा नाही. पण ही माती आत का येत नाही हा प्रश्न मला नेहमी पडायचा. त्याचं उत्तर म्हणजे शोअरिंग, म्हणजेच खोदलेल्या कडेला दिलेला आधार.

माती का ढासळते?
जमिनीतली माती स्वतःच्या वजनाने आजूबाजूलाही दाब देत असते. एका बाजूची माती काढली की तिकडचा आधार जातो. एक घनमीटर माती साधारण दीड ते दोन टन भरते. त्यात पाणी मुरलं की वजन वाढतं आणि पकड सुटते. म्हणून मे महिन्यात ताठ उभी असलेली कड जुलैत खाली येऊ शकते.

आपल्याकडची जमीन
छत्रपती संभाजीनगर परिसरात बऱ्याच ठिकाणी वर काळी माती, मग मुरूम आणि खाली काळा पाषाण लागतो. विहिरीचा वरचा भाग दगडाने बांधून घेतात, खालचा पाषाण अनेकदा तसाच सोडतात. शोअरिंगचा हिशोबही तसाच: जसा थर, तसा आधार.

मुख्य पद्धती
१. उतार किंवा पायऱ्या: सर्वांत सोपं, पण जागा लागते.
२. फळ्या आणि टेकू: ड्रेनेजच्या चरासाठी. दोन्ही कडांना फळ्या, मध्ये आडवे टेकू.
३. सोल्जर पाइल: खोदण्याआधीच ठराविक अंतरावर लोखंडी बीम उभे करतात, खाली जाताना मधे फळ्या बसवतात. यातून पाणी मात्र झिरपतं.
४. सेकंट पाइल: काँक्रीटचे खांब एकमेकांत थोडे घुसवून सलग भिंत होते आणि पाणीही बरंच अडतं. मुंबई मेट्रो ३ च्या भुयारी स्टेशनांसाठी ही पद्धत वापरली.
५. नेलिंग आणि बोल्ट: मुरमात किंवा भेगाळ खडकात तिरपी भोकं पाडून सळया घालतात, सिमेंटने पक्क्या करतात, वरून जाळी आणि काँक्रीटचा फवारा.

'खाली पाषाण आहे, काळजी नको' असं मात्र नाही. भेगा खड्ड्याच्या दिशेने उतरत असतील, तर अख्खा ढलपा घसरू शकतो.

हे एवढं महत्त्वाचं का?
२९ जून २०१९ ला पुण्याच्या कोंढव्यात जोरदार पावसात सोसायटीची कंपाउंड वॉल शेजारच्या साइटवरच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली. भिंतीलगत खोदकाम झालेलं होतं. १५ जीव गेले.

सीपीडब्ल्यूडीचे सुरक्षा नियम सांगतात: चर १.५ मीटर किंवा जास्त खोल असेल, तर कडांना उतार द्या, पायऱ्या करा किंवा टेकू लावा. काढलेली माती कडेपासून १.५ मीटर किंवा खोलीच्या निम्मी, यांपैकी जे जास्त असेल तेवढी लांब टाका.

तुमच्या शेजारी खोदकाम चालू असेल तर तीन गोष्टी बघा: कडेवर मातीचा ढीग आहे का, जमिनीवर कडेला समांतर भेग पडली आहे का, आणि कडेतून पाणी झिरपतंय का. एकही दिसली, तर साइट इंजिनीअरला लगेच सांगा, आणि आधी खड्ड्यातल्या माणसांना वर बोलवायला लावा.