फुगा : साबणाचा आणि शेअरांचा

साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या नळीतून फुंकर घातली असता तिच्या टोकाशी जो फुगा धरतो, त्याचे शास्त्र शाळेत पृष्ठताणाच्या प्रकरणात शिकवले जाते. द्रवाच्या पृष्ठभागावरील रेणूंना आतील रेणू ओढून घेत असल्यामुळे तो पृष्ठभाग आक्रसून शक्य तितके कमी क्षेत्रफळ व्यापू पाहतो, आणि या ओढीलाच पृष्ठताण म्हणतात. निव्वळ पाण्याचा फुगा टिकत नाही, कारण त्याचा पृष्ठताण मोठा असतो आणि एखाद्या ठिकाणी पापुद्रा पातळ झाला तर तो सावरण्याची सोय त्यात नसते. साबणामुळे हा ताण सुमारे एक तृतीयांशावर येतो, शिवाय पापुद्रा जेथे ताणला जातो तेथे साबणाचे रेणू विरळ होऊन ताण वाढतो व आजूबाजूचे द्रव तिकडे ओढले जाऊन पातळ जागा भरून निघते. फुगा काही काळ जगतो तो या आपोआप होणाऱ्या डागडुजीमुळे.

फुग्याच्या आतील हवेचा दाब बाहेरच्या दाबापेक्षा अधिक असतो आणि हा फरक त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणजे फुगा जितका लहान तितका आतील दाब जास्त. एकाच नळीच्या दोन टोकांना एक लहान व एक मोठा फुगा धरून मधली तोटी उघडली तर दोन्ही सारखे होतील अशी विद्यार्थ्यांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात लहान फुगा आपली हवा मोठ्याला देऊन आक्रसतो. येथे कोणाला छोट्या गुंतवणूकदारांची आठवण झाली तर नवल नाही, परंतु ही उपमा फार ताणण्यात अर्थ नाही. महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. फुगा फुटण्याआधी पापुद्र्यातील पाणी खाली ओघळते, वरचा भाग पातळ होत जातो, रंग पालटतात आणि अखेर माथ्याशी काळसर डाग दिसू लागतो, कारण प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने अतिशय पातळ झालेल्या पापुद्र्याच्या दोन पृष्ठभागांवरून परतणारे किरण एकमेकांना नष्ट करतात. साबणाचा फुगा अशी आगाऊ सूचना देतो. बाजारातला फुगा मात्र तशी खूण दाखवत नाही.

एखाद्या मालमत्तेपासून पुढे मिळू शकणाऱ्या उत्पन्नाच्या आधारे तिचे जे मूल्य ठरते, त्याच्या कितीतरी वर तिचा भाव जातो आणि घेणारा ती केवळ आणखी चढ्या भावाने दुसऱ्याला विकता येईल या भरवशावर घेतो, तेव्हा त्या स्थितीला आर्थिक फुगा म्हणतात. अडचण अशी की खऱ्या बाजारात हे मूळ मूल्य किती, यावरच जाणकारांचे एकमत नसते. ती दूर करण्यासाठी अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ व्हर्नन स्मिथ आणि त्यांचे सहकारी गेरी सुचानेक व अर्लिंग्टन विल्यम्स यांनी फुगाच प्रयोगशाळेत आणला. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना काही रोकड व काही काल्पनिक शेअर देऊन पंधरा फेऱ्यांत आपसांत खरेदी-विक्री करण्यास सांगितले गेले. प्रत्येक फेरीअखेर शेअरवर सरासरी २४ सेंट लाभांश मिळणार होता, त्यामुळे आरंभी शेअरचे मूल्य ३ डॉलर ६० सेंट आणि पुढे दर फेरीगणिक २४ सेंटने कमी, हा हिशेब साधा होता व नियम सर्वांना ठाऊक होते. तरीही बहुतेक वेळा भाव मूल्याच्या खालून निघून त्याच्या बराच वर चढला आणि शेवटच्या काही फेऱ्यांत कोसळला. तीच माणसे पुन्हा पुन्हा एकत्र आली तेव्हा फुगा मावळत गेला. मात्र नंतरच्या प्रयोगांत असे दिसले की सहभागींच्या हाती रोकड जास्त दिली तर फुगा मोठा होतो, आणि परिस्थिती पुरेशी बदलली तर अनुभवी मंडळींमध्येही तो पुन्हा धरतो. प्रायोगिक अर्थशास्त्रातील कार्यासाठी स्मिथ यांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

रोकड आणि फुगा यांचा हा संबंध ज्या शहराने प्रयोगशाळेच्या शंभरावर वर्षे आधी अनुभवला, ते शहर मुंबई होय. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, उत्तरेकडील आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि अमेरिकन कापसावर चालणाऱ्या लँकेशायरच्या गिरण्यांना कच्चा माल मिळेनासा झाला. त्यांनी मोर्चा हिंदुस्थानकडे वळवला. वऱ्हाड, खानदेश, गुजरात व धारवाड येथील कापूस मुंबई बंदरातून चढ्या भावाने जाऊ लागला आणि त्याच्या मोबदल्यात सोन्याचांदीचा ओघ शहरात सुरू झाला. एवढा पैसा गुंतवायला पुरेसे उद्योग तेव्हा मुंबईत नव्हते. म्हणून कंपन्याच काढल्या गेल्या : बँका, वित्तसंस्था, विमा कंपन्या, आणि समुद्र हटवून जमीन मिळवू पाहणाऱ्या भराव कंपन्या. जानेवारी १८६५ मध्ये शहरात ३१ बँका व १६ वित्तसंस्था होत्या. बॅकबे भराव कंपनीचा पाच हजार रुपये दर्शनी किमतीचा शेअर त्याच्या कित्येक पट भावाने विकला जाई, आणि नव्या कंपनीचे शेअर आपल्या वाट्याला यावेत म्हणून प्रेमचंद रायचंद या दलालश्रेष्ठींच्या शिफारशीसाठी लोक खटपट करीत.

या सगळ्याचा दोष लोकांच्या हव्यासाला देणे सोपे आहे आणि त्या काळाबद्दल लिहिणाऱ्यांनी तो भरपूर दिलाही आहे. पण हव्यास १८६१ च्या आधीही होता व १८६५ नंतरही राहिला. साबणाचा फुगा मोठा झाला म्हणून कोणी पापुद्र्याला बोल लावत नाही, फुंकर कोठून आली हे पाहतो. मुंबईत पहिली फुंकर कापसाच्या पैशाची होती, दुसरी कर्जाची. बँक ऑफ बॉम्बे ही सरकारचे भाग व सरकारनियुक्त संचालक असलेली इलाख्याची प्रमुख बँक होती आणि तिच्या मूळ सनदेत कर्जव्यवहारावर कडक बंधने होती. १८६३ च्या नव्या कायद्याने ती सैल झाली व शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. तारण ठेवलेल्या शेअरांवर कर्ज, त्या कर्जातून नवे शेअर, भाव वाढला की त्यांवर आणखी कर्ज, असे हे चक्र होते. त्यात तारणाची किंमत कर्जामुळेच वाढलेली असल्याने चढत्या काळात ते भक्कम भासे आणि उतरत्या काळात एका झटक्यात नाहीसे होई.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव पडले आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्याचे सौदे, म्हणजे ठरल्या भावाने पुढील तारखेला पैसे देऊन शेअर उचलण्याचे करार, पुरे करण्याची वेळ आली तेव्हा पैसे देणारेच उरले नाहीत. एकाचे दिवाळे दुसऱ्याला घेऊन बुडाले. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर तेजीत २,८५० रुपयांवर गेला होता, तो पुढे ८७ रुपयांना विकला गेल्याचे शेअर बाजाराच्या इतिहासात नमूद आहे.

साबणाचा फुगा फुटल्यावर थेंबभर पाणी उरते, बाजाराचा फुटल्यावर मात्र काही वेळा दगडमातीही उरते. एल्फिन्स्टन कंपनीने बंदराच्या बाजूला केलेली भरणी खरीच होती आणि पुढे सरकारने ती विकत घेतली; तेजीच्या भरात, १८६४ साली, प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणग्यांतून ग्रंथालय व त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई मनोरा उभा राहिला आणि तो १८७८ मध्ये पूर्ण झाला. ठेवीदार, भागधारक व देशोधडीला लागलेल्या पेढ्या यांच्या नुकसानीची ही भरपाई नव्हे. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळण्यात आली, आणि तिच्या चौकशीसाठी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने ती बुडण्याच्या कारणांत अधिकाऱ्यांच्या गैरवर्तनाबरोबरच १८६३ च्या कायद्याने सनदेत केलेल्या बदलाचाही समावेश केला.