हिरव्या पाण्याचं मूळ गाळात

आपलं पाणी : लेखांक ५

सांडपाणी नाल्यांतून तलावापर्यंत कसं पोहोचतं, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. ते तलावात उतरल्यावर काय होतं, ते आज पाहू.

ठाण्याचा मासुंदा असो की कल्याणचा काळा तलाव, भोवती शहर वाढलं की तळ्यात येणारं पाणी बदलतं. मैला, साबणाचं पाणी, निर्माल्य, माशांसाठी टाकलेली कणीक आणि पाव या सगळ्यांतून नायट्रोजन आणि फॉस्फरस तलावात जातात. शेतातल्या पिकाला जे खत, तेच शेवाळाला. ऊन तापलं आणि पाणी संथ असलं की नील-हरित शेवाळ झपाट्याने वाढतं. खरं तर हे प्रकाशावर अन्न तयार करणारे जीवाणू. त्यातल्या मायक्रोसिस्टिसच्या पेशींत हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांच्या आधाराने तो वर तरंगतो, ऊन अडवतो आणि खालच्या वनस्पतींची उपासमार करतो.

या दोन खतांपैकी निर्णायक कोणतं? कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये एका तलावाचे मधोमध पडदा घालून दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. तीच बाजू हिरवीगार झाली. गोड्या पाण्यात बहुधा फॉस्फरसच वाढीची मर्यादा ठरवतो, हे त्यातून साऱ्या जगाला दिसलं.

दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री मात्र तोच वापरतं. मेलेलं शेवाळ कुजतानाही प्राणवायू संपतो. म्हणून पहाटे मासे मरून तरंगताना दिसतात. काही जाती यकृताला घातक विष तयार करतात. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलिडो शहराच्या नळाच्या पाण्यात हे विष आढळलं आणि सुमारे पाच लाख लोकांना पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं. पाणी उकळून ते विष जात नाही.

आता तळाकडे पाहू. वर्षानुवर्षं साचलेल्या गाळात फॉस्फरस लोहाला धरून बसलेला असतो. तळाचा प्राणवायू संपला की ही पकड सुटते आणि तो पुन्हा पाण्यात मिसळतो. त्यामुळे नाला बंद केल्यावरही तलाव काही वर्षं हिरवा राहू शकतो. उलट नाला तसाच ठेवून नुसता गाळ उपसला, तर तो पुन्हा साचतो. कारंजी थोडा प्राणवायू देतात, पण आत आलेलं खत बाहेर काढत नाहीत. उल्हास नदीत मोहन्याजवळ पसरणारी जलपर्णीही याच खतावर पोसते. ती काढून काठावरच टाकली, तर कुजून तिच्यातलं खत पावसाबरोबर नदीत परत जातं. ती दूर नेऊनच टाकायला हवी.

राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत ठाण्याचे नऊ तलाव घेतले गेले. विसर्जनासाठी कृत्रिम तलावही झाले, आणि तितकं निर्माल्य तळ्यात जाण्यापासून वाचलं. ही दिशा योग्य आहे. आधी सांडपाणी अडवायचं, मग गाळ काढायचा आणि सुशोभीकरण सर्वांत शेवटी, हा क्रम मात्र मोडता कामा नये. तलावावरच्या प्रत्येक खर्चाबद्दल नागरिकांनी एकच प्रश्न विचारावा: यामुळे पाण्यातला फॉस्फरस किती घटला? त्याच्या चाचणीचे आकडे दर महिन्याला तलावाच्या काठावर फलकावर लागायला हवेत, आणि ते मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

*पुढील लेखांकात : सांडपाण्यातला फॉस्फरस प्रक्रिया केंद्रात कसा काढतात?*