सातासमुद्रांपलीकडची कांचन

‘कुर्बानी’ हा चित्रपट १९८० साली आला आणि त्यातले ‘लैला ओ लैला’ घरोघर पोचले. परवा आमच्या नगरच्या महाविद्यालयात, प्राध्यापकांच्या खोलीत चहा चालू असताना मी सहज विचारले, की हे गाणे गायिले कोणी? एकाने आशाबाईंचे नाव घेतले, दुसऱ्याने नाझिया हसनचे. तिसऱ्याने तर ‘झीनत अमान’ असे ठोकून दिले! कांचन हे नाव कोणालाही आठवले नाही. अमितकुमारबरोबर ते गाणारी ही बाई माहेरची माळी, कांचन दिनकरराव माळी. म्हणजे आपल्याच मराठी माणसांतली. आणि नवल असे, की जिचे नाव आपल्या तोंडी येत नाही, तिच्या तबकड्या त्रिनिदाद, गयाना, सुरिनाम या दूरच्या मुलुखांत लोकांनी झिजेपर्यंत वाजवल्या.

कांचनचे यजमान लक्ष्मीचंद वीरजी शहा, म्हणजेच बाबला. कल्याणजी-आनंदजी या संगीतकार-जोडीचे हे धाकटे बंधू. घराणे कच्छी, वडिलांचे गिरगावात किराणा दुकान. थोरल्या कल्याणजींनी १९५४ च्या ‘नागिन’मध्ये क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यातून पुंगीचा आवाज काढला होता. त्या पुंगीवर आमच्या जिल्ह्यातल्या वरातींत अजूनही भले भले गृहस्थ तोंडात रुमाल धरून जमिनीवर लोळतात! विजेच्या वाद्यांचे वेड या घरात असे आधीपासूनच होते. बाबलांचा हात तालवाद्यांवर. भावांच्या वाद्यवृंदात तालाची बाजू त्यांनी सांभाळली आणि पुढे स्वतःचा वाद्यवृंद उभारून ‘डिस्को दांडिया’ नावाचे प्रकरण लोकप्रिय केले. गरब्याचा ठेका तोच. पण त्याखाली ड्रमचा ठोका, बेस गिटारचा घुमारा आणि वर सिंथेसायझरचे सूर. हा सिंथेसायझर मोठा मायावी. त्यात छेडायला तार नाही, थाप मारायला कातडे नाही, फुंकायला भोक नाही. विजेच्या लहरींना हवा तसा आकार द्यायचा आणि त्यातून सूर काढायचा. आमच्या लहानपणी नवरात्रात श्रीरामपूरच्या मांडवात याच धर्तीच्या ध्वनिफिती लागत. वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालत आणि त्यांचीच मुले टिपऱ्या घेऊन पुढे धावत.

कांचनने ‘धर्मात्मा’मध्ये मुकेशबरोबर आणि ‘रफूचक्कर’मध्ये शैलेंद्र सिंगबरोबर गायिले, दोन्ही १९७५ चे. आवाज गोड, किंचित धारदार. परंतु मुंबईच्या चित्रपटसृष्टीत त्या काळी लताबाई आणि आशाबाई यांच्यापुढे तिसरीला किती जागा मिळणार? या जोडीला जागा मिळाली ती समुद्रापलीकडे, आणि त्याचे कारण शोधायला मला फार लांब जावे लागले नाही.

आमचा जिल्हा उसाचा. सहकारी तत्त्वावरचा पहिला मोठा साखर कारखाना इथेच, प्रवरानगरला १९५० साली सुरू झाला. आणि दसरा-दिवाळी आली, की पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन, भांडीकुंडी नि पोरेबाळे गाडीत घालून ऊसतोडीला निघतात. आपण फराळाची ताटे भरतो, त्याच दिवसांत. असाच उसासाठी, पण परत न येण्यासारखा प्रवास आपल्या देशातल्या लाखो माणसांनी केला. १८३८ साली पहिली जहाजे गयानाला लागली, १८४५ साली त्रिनिदादला, १८७३ साली सुरिनामला. माणसे बहुतेक बिहार आणि पूर्वेकडच्या उत्तर प्रदेशातली, भाषा भोजपुरी. पाच वर्षांच्या ‘अ‍ॅग्रीमेंट’वर अंगठा उठवला, त्या शब्दाचे त्यांनी ‘गिरमिट’ केले आणि स्वतः ‘गिरमिटिया’ झाले. वर्गात मी हे सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरचा पाथर्डीकडचा एक मुलगा पटकन म्हणाला, “सर, म्हणजे ती उचलच की!” शब्दाची इतकी नेमकी फोड मी कुठल्या कोशात वाचलेली नाही.

या लोकांनी तिकडे बरोबर नेली ती गाणी. लग्नाआधीच्या ‘माटीकोर’च्या रात्री बायका एकत्र जमून ढोलकीवर थट्टेची गाणी म्हणत, जोडीला धनताल, म्हणजे लोखंडी सळई आणि तिच्यावर आपटायची नालासारखी कडी. भाषा मात्र पिढीगणिक आटत गेली. नातवंडे इंग्रजी बोलू लागली. हिंदी उरली ती भजनात आणि सिनेमात. १९३५ साली ‘बाला जोबन’ हा बोलपट त्रिनिदादला लागला, तेव्हापासून तिथे आपल्या चित्रपटांचा अंमल बसला. मग १९६९ च्या सुमारास सुंदर पोपो नावाच्या तरुणाने ‘नाना अँड नानी’ हे अर्धे हिंदी, अर्धे इंग्रजी गाणे गाऊन आजीआजोबांची भाषा पुन्हा नातवंडांच्या तोंडी आणली. त्रिनिदादमधल्या बॅरकपूरचा हा माणूस. होय, मळ्यातल्या माणसांनी गावाचे नावसुद्धा इकडूनच नेले असणार! या चटकदार गाण्यांना पुढे ‘चटनी’ असेच नाव पडले.

याच सुंदर पोपोचे फुलौरीचे गाणे कांचन आणि बाबला यांनी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘कैसे बनी’ या नावाने गायिले. फुलौरी म्हणजे डाळीच्या पिठाची गोल भजी. ती चटणीवाचून कशी जमेल, असा साधा प्रश्न. ढोलकीच्या ठेक्याला बाबलांनी विजेच्या वाद्यांची भरभक्कम साथ दिली, आणि वर कांचनचा घोटीव आवाज. गाणे गयानात गाजले, त्रिनिदादला गाजले. सुरिनामचे जे लोक १९७५ च्या सुमारास हॉलंडला गेले, त्यांच्याबरोबर तिथेही पोचले. या जोडीने मग उलट फेरी केली. माँटसेराट बेटावरच्या अ‍ॅरो या गायकाचे १९८२ चे ‘हॉट हॉट हॉट’ त्यांनी ‘कुछ गडबड है’ म्हणून हिंदीत आणले. त्यांचे जलसे वेस्ट इंडीजकडे भरले, तेव्हा माणसे लग्नाला जावे तशी नटूनथटून आली असतील, असे माझ्या मनात येते. जी गाणी मळ्यातली, गावंढळ म्हणून आपल्याच शिकलेल्या लोकांत नाके मुरडून ऐकली जात, ती खुद्द मुंबईची गायिका गाते, याचे त्यांना केवढे अप्रूप!

मला इथेच थोडे खटकतेही. गाणे सुंदर पोपोचे, त्याच्या आजीआजोबांच्या घामाचे. जगात अनेकांनी ते ओळखले ते मात्र कांचनचे म्हणून. मुंबईचा शिक्का बसल्यावाचून घरच्या नाण्याची किंमत वाटू नये, ही खोड केवळ त्रिनिदादची नव्हे. आमच्या नगरचीही आहे. पण म्हणून मी कांचनला बोल लावणार नाही. तिने त्या शब्दांची टिंगल केली नाही, त्यांना वरवर सजवून बाजारातही बसवले नाही. मन लावून गायिली.

सुंदर पोपो २००० साली गेला, कांचन २००४ साली. ‘लैला’ २०१७ च्या ‘रईस’मध्ये नव्या आवाजात आले आणि पुन्हा गाजले. पाथर्डीच्या त्या मुलाला मी ‘कैसे बनी’ ऐकवले. त्याने दोनदा ऐकले, मग विचारले, “सर, तिकडे कोयत्याला काय म्हणतात?” मी म्हटले, “कटलस.” तो शब्द त्याने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला. परवापासून त्याचे आईवडील तोडीवर आहेत. हे गाणे त्याने त्यांच्या फोनवर पाठवले आहे.